अ‍ॅटलीच्या पत्रावरचं कुंकू

नारायणगावात जुन्या हायवेला, जिथून जुन्नरच्या शेअर जीपा सुटतात, तिथल्या बोळात कुशाबांचं फ्रेमचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. डाव्या भिंतीवर देव, उजव्या भिंतीवर लग्नाची जोडपी आणि वारलेली माणसं, न्यायला कुणी येईपर्यंत एकमेकांना टेकून उभी. समोरच्या भिंतीवर, काच कापायच्या टेबलाच्या वर, इंग्रज.

नवखं गिऱ्हाईक तिथं थबकतंच. एकदा पिंपळवंडीचे एक म्हातारे आईचा फोटो न्यायला आले होते. त्यांनी त्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं. पांढऱ्या मिशांचा, उंच कॉलरचा एक साहेब, त्याच्या कोटावरून गेलेली शाईची तिरकी सही.

"कुशाबा, हे तुमचं कोण?"

"साहेब हायेत."

"वारले?"

"लई वर्सं झाली."

म्हाताऱ्यांनी टोपी काढली, साहेबाला हात जोडले आणि आईला काखेत धरून निघून गेले.

बोळाच्या तोंडाशी चहाची गाडी लावणारा गोकुळ मात्र कुशाबांना सोडायचा नाही. "आमच्या आज्यानं हाकललं त्यांला, अन तुमी परत भितीवर घेता व्हय?"

"भितीवरच हायेत ना," कुशाबा काचेवरून नजर न उचलता म्हणायचे. "खाली उतरू देत नाय मी."

या छंदाची सुरुवात धंद्यातूनच झाली. जुन्नरच्या एका निवृत्त इंजिनियरांनी सुनेच्या पदवीदानाचा फोटो बसवायला घरातली जुनी शिसवी फ्रेम आणून दिली होती. आतलं काय असेल ते टाकून द्या म्हणाले. कुशाबांनी मागचा पुठ्ठा काढला तर आत दोन फोटो. पुढे कुठल्याशा बागेचा, आणि त्याच्या मागे, नुसता जाडीला म्हणून घातलेला, एका इंग्रज मंत्र्याचा. खाली सही. खरी शाई, दौतीतली, एका जागी थोडी पसरलेली. इंजिनियरांना दाखवली तर ते हसले. ठेवा तुम्हाला, म्हणाले.

दहावी झालेल्या माणसाला इंग्रजी जेवढं येतं तेवढं कुशाबांना येत होतं. त्या जोरावर त्यांनी मंत्र्याचं नाव शोधून काढलं. मग पुण्यात जुन्या नाण्यांचं आणि तिकिटांचं प्रदर्शन भरायचं तिथं जाऊ लागले. द्राक्षाच्या हंगामात लोक घरं रंगवतात, फोटो बदलतात, तेव्हा चार दिवस बरे जायचे. त्यातून एखादं पत्र, एखादा फोटो. एकदा फसलेही. घरी आल्यावर कळलं की सही शाईची नाही, फोटोबरोबरच छापलेली आहे. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की ते दारात जाऊन उजेडात तिरका धरायचे. शाई असेल तर चमकते, छापील असेल तर मुकी राहते.

ही युक्ती त्यांनी एकाच माणसाला शिकवली. अमृतला. अमृत त्यांच्या बहिणीचा मुलगा. कुशाबा आणि इंद्रायणीकाकूंना मूल नव्हतं. अमृत कॉलेजला नारायणगावात होता तोवर मामाकडेच राहिला, मामीच्या हातचं खाऊन वाढला. आता पुण्यात असतो. जुन्या वस्तूंचे फोटो काढून इंटरनेटवर टाकायचा, त्यांची माहिती द्यायचा त्याचा व्यवसाय आहे. ती आवड मामाच्याच भिंतीवरून त्याच्यात उतरली.

माझी ओळख झाली ती मी पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करायला नेलं तेव्हा.

"इंग्रजी शिकलीस का मराठी?" कुशाबांनी विचारलं.

"मराठी."

"मग निम्मं तरी वाचता येईल." असं म्हणून त्यांनी कुठल्याशा लॉर्डसाहेबानं हातानं लिहिलेलं एक पत्र माझ्यापुढे धरलं. त्या लॉर्डसाहेबाचं अक्षर मुंग्यांची रांग मोडावी तसं होतं. मला निम्म्याहूनही कमी वाचता आलं. पण त्यानंतर मी जात राहिले. कागद वाचायला, आणि खरं म्हणजे त्यांचं बोलणं ऐकायला.

"फोटोत मानूस हसतो ते फोटोवाल्यानं सांगितलं म्हनून," ते म्हणायचे. "सही करताना कोन सांगनार? तिथं तो एकटा असतो."

भिंतीवर फक्त फोटो होते. पत्रं फडताळात, एका काळ्या फाईलमध्ये, प्रत्येक निराळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. त्यातलं एक पत्र अ‍ॅटलींचं. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तिकडचे पंतप्रधान असलेले अ‍ॅटली. पत्र टाइप केलेलं, दोन ओळींचं. कुठल्याशा गावच्या बाईंना लिहिलेलं, की तुमच्या फुलांच्या प्रदर्शनाला येणं जमणार नाही, क्षमा असावी. खाली सही.

हे पत्र घरी आलं त्या दिवसाची गोष्ट कुशाबा इतक्यांदा सांगायचे की मला ती पाठ झाली होती. सांगताना ते इंद्रायणीकाकूंचा आवाज काढायचे. काकूंचं माहेर कळंबचं. आवाज चढा, हसणं त्याहून चढं.

"येवढ्या मोठ्या मानसाचं पत्र," कुशाबांनी वाचून दाखवल्यावर काकू म्हणाल्या होत्या, "अन लिवलंय काय, तर येत नाय!"

कुशाबांना राग आला. त्यांनी अ‍ॅटली कोण ते समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपन घरोघर पत्रिका वाटतो. न येनारा पावना कदी कळवतो का? ह्यानं कळवलं. भला मानूस व्हता म्हनायचा."

त्यानंतर आठवड्यात दसरा आला. दसऱ्याला दुकानात पूजा मांडतात. करवत, हातोडी, काच कापायचा हिरा, खिळ्यांचा डबा, सगळं धुऊनपुसून पाटावर. झेंडूचा हार, आपट्याची पानं. कुशाबा हार आणायला बाजारात गेले तेवढ्यात काकूंनी फाईल काढून अ‍ॅटलींचं पत्र पाटावर ठेवलं. आपल्याकडे पत्रिका निघाली की पहिली देवापुढे ठेवतात आणि कोपऱ्याला हळद-कुंकू लावतात. काकूंनी तेच केलं. ओल्या बोटानं आधी हळद, मग तिच्यावर कुंकू, सहीच्या अंमळ खाली. भल्या माणसाचा कागद कोरा कसा ठेवायचा?

कुशाबा हार घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. दसऱ्याचा दिवस असून ते त्या दिवशी जेवले नाहीत. दिवाळीपर्यंत बायकोशी धड बोलले नाहीत. मग पत्र पुण्याच्या जाणकारांना दाखवून आले. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. डागाचा कागद कोण घेणार?

ते ऐकून काकू म्हणाल्या, "मग बरंच झालं. आता तुमच्यापून कुनी न्येनार नाय त्याला."

यावर मात्र कुशाबांना हसू आलं. तिथं भांडण मिटलं.

तीन वर्षांपूर्वी, माघात, काकू गेल्या. आजार छोटा, माणूस मोठं, आणि तरी आजार जिंकला. अमृतनं मामीसाठी मुंडण केलं. स्वतःच्या आईसाठी करावं तसं सगळं केलं. तेराव्याला पंगतीत वाढताना तो मध्येच मोरीत जाऊन रडून आला, हे मी पाहिलं आहे. त्यात खोटं काही नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. पुढचं समजून घेणं त्यामुळेच अवघड होतं.

काकूंच्या फोटोची फ्रेम कुशाबांनीच केली. साधी, बिननक्षीची. पण ते त्या फोटोकडे फारसं बघायचे नाहीत. "ती नव्हं ही," एकदा म्हणाले. "फोटू काढायचा म्हनून ताठ बसलेली बाई हाय. इंद्रा अशी ताठ कदी बसली?"

मग त्यांनी फाईल काढली. अ‍ॅटलींचं पत्र पाकिटातून बाहेर घेतलं आणि दारात नेऊन धरलं. कोपऱ्यात कुंकवाचा ठसा होता. लालसर तपकिरी झालेला, भोवती हळदीची कड. ठशात मधोमध एक बारीक कोरी रेघ. काकू कधीमधी दुकानात मदत करायच्या, तेव्हा काच लागून त्यांच्या बोटाला चीर पडली होती. तिचा वण राहिला तो राहिलाच. कागदावर उमटला.

"तिला लिवता येत नव्हतं," कुशाबा म्हणाले. "ब्यांकेत अंगठा लावायची, तो बी म्यानेजर सांगील तिथं. हितं तिला कुनी सांगितलं नव्हतं. आपल्या मनानं केली तिनं. ह्या कागदावर दोन सह्या हायेत बघ."

त्यांनी करंगळीचं टोक ठशावरून अगदी हलकं फिरवलं. कुंकू खरबरीत होतं. इतक्या वर्षांनीही बोटाला पुसट लाली लागली. ती बघून त्यांनी कागद पाकिटात घातला. "रोज हात लावला तर संपून जायचं. दसऱ्याला तेवढं काढीत जाईन."

गेल्या पावसाळ्यात दुकानाचा पत्रा गळू लागला. फडताळाला ओल आली, खालच्या फळीला वाळवी दिसली. अमृत आला होता. म्हणाला, "मामा, फाईल माझ्याकडे द्या. सगळ्या कागदांचे नीट फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवतो. उद्या काय झालंच तर निदान चित्र तरी राहील."

कुशाबांनी फाईल धुतलेल्या धोतरात गुंडाळली, वर प्लास्टिक घातलं आणि स्वतः जाऊन एसटीत त्याच्या मांडीवर ठेवली. "मांडीवरनं खाली ठेवू नको, अमृता. लेकरावानी ने."

"मामा, मला सांगता?" अमृत म्हणाला.

श्रावण सरता सरता फाईल परत आली. कुशाबांनी एकेक पाकीट बाहेरूनच बघितलं. अ‍ॅटलींचं पत्र मात्र काढून दारात तिरकं धरलं, सवयीनं. सहीची शाई चमकली. त्यांनी ते परत ठेवलं आणि अमृतला जेवायला वाढलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी गोकुळ आमच्या घरी आला. कुशाबांनी बोलावलंय, म्हणाला. चेहरा बरा नाय त्यांचा.

दुकानात पूजा मांडलेली होती. हार वाहिलेला, उदबत्ती अर्धी जळालेली. कुशाबा खाली बसले होते, पुढ्यात ते पत्र.

"पोरी, तुजं बोट कवळं हाय," ते म्हणाले. "जरा फिरव ह्याच्यावरनं. कुंकू लागतं का बघ."

मी बोट ठशावरून फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. ठसा होता, हळदीची कड होती, मधली कोरी रेघही होती. पण बोटाखाली नुसता कागद होता, वरपासून खालपर्यंत एकसारखा. माझ्या बोटाला काहीच लागलं नाही.

"काका, शाई तर..." मी पत्र उजेडात धरलं. सही चमकत होती.

"सही पेनानं केलीय," कुशाबा म्हणाले. "छापलेल्यावरनं पेन फिरवलाय. त्याला ठावं व्हतं ना, मामा काय बघतो ते. मीच शिकवलं." थोड्या वेळानं म्हणाले, "कुंकू बघील, असं नसंल वाटलं त्याला."

बाकीचे कागद आम्ही दोघांनी तपासले. सगळे खरे होते. घेतलं होतं ते हे एकच.

त्यांनी फोन लावला. हाताला पूजेची हळद होती म्हणून टेबलावर ठेवून स्पीकरवर.

"दसऱ्याच्या शुभेच्छा मामा!" अमृतचा आवाज आला. "सोनं घ्यायला येतो संध्याकाळी."

"अमृता, माजं पत्र कुठाय?"

पलीकडे काहीतरी पडल्यासारखं वाजलं.

"मामा, ते... मी सांगणारच होतो. इथं एक गृहस्थ आहेत, त्या काळातल्या कागदांचा मोठा संग्रह आहे त्यांचा. तिथं ते पत्र नीट राहील. आपल्याकडं वाळवी..."

"आन माज्या हातात दिलं ते?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते करून घेतलं. मामा, अगदी हुबेहूब आहे ते. तुम्हाला बघायला तर मिळतंय ना? फरक काय पडतो?"

कुशाबांनी फोनकडे बघितलं. फोन बंद कसा करायचा ते विसरल्यासारखे. शेवटी मीच बटण दाबलं.

अमृत संध्याकाळी आला नाही. दसऱ्यानंतर दोन आठवडी बाजार गेले, मग आला. मी तेव्हा दुकानात होते. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअप बोळाच्या तोंडाशी अडकल्या होत्या. त्यांच्या मधून वाट काढत, छातीशी एक चपटं पाकीट धरून तो आला. दाढी वाढलेली होती. मामाच्या पाया पडायला वाकला, पण कुशाबा टेबलाच्या पलीकडे होते. हात पोचला नाही.

"मामा, आणलंय. व्यवहार मोडला मी. तुमच्यापुढे मला दुसरं काय आहे? चुकलं माझं." त्याचे डोळे भरले होते. त्यानं पाकीट उघडून कागद टेबलावर ठेवला.

कुशाबांनी हात धोतराला पुसले. कागद उचलला, दारात नेला. टाइपची अक्षरं कागदात रुतलेली होती, मागून हाताला लागत होती. सहीची शाई खरी होती. अस्सल पत्र होतं ते.

कोपरा स्वच्छ होता.

सहीच्या खाली, जिथं ठसा होता, तिथं कागद बाकीच्यापेक्षा थोडा पांढरा दिसत होता. कुशाबांनी तिथं करंगळी टेकवली. फिरवली नाही. नुसती ठेवली.

"हितलं काय झालं?"

"तो डाग होता ना, तो काढून घेतला," अमृत म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित जीव आला, चांगली बातमी सांगावी तसा. "पुण्यात एक बाई जुने कागद साफ करतात. काय हात आहे त्यांचा! तो डाग होता म्हणून इतकी वर्षं कुणी विचारत नव्हतं याला. आता बघा, कुठं कळतंय का?"

मी अमृतकडे बघितलं. दसऱ्याच्या त्या भांडणाच्या वेळी हा मुलगा याच घरात होता. मामा-मामीमधले निरोप यानंच पोचवले होते. 'मामी म्हणते जेवायला चला.' 'मामा म्हणतो भूक नाही.' डाग कुणाच्या बोटाचा आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण आता तो निरागस, उत्सुक चेहऱ्यानं मामाकडे बघत होता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

कुशाबांना ते माझ्याआधी कळलं असावं. ते रागावले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं.

"बसा पावनं," ते म्हणाले.

अमृत हसायला गेला. "मामा, काय हे? मी अमृत."

"व्हय. बसा ना. लांबनं आलाय." मग बोळाकडे तोंड करून, "गोकुळ, च्या दे रं. पावनं आल्यात."

गोकुळ दोन ग्लास घेऊन आला. "आरं, अमृत! कवा आला?" म्हणत त्यानं एक ग्लास कुशाबांपुढे धरला.

"आदी पावन्यांना," कुशाबा म्हणाले.

गोकुळनं एकदा मामाकडे बघितलं, एकदा भाच्याकडे. ग्लास ठेवून तो गेला.

कुशाबांनी साध्या लाकडी पट्टीचा एक तुकडा घेतला, काकूंच्या फोटोला लावली होती तसली. मापं घेतली, कोपरे तिरके कापले, चौकट जुळवली. काच कापली. अमृत चहा तसाच हातात धरून बसला होता. चहावर साय धरली.

मग कुशाबांनी काचेवर पत्र पालथं ठेवलं. ते खोटं पत्र होतं. गुळगुळीत कुंकवाचं, पेन फिरवलेल्या सहीचं. त्याच्या पाठीवर त्यांनी खरं पत्र ठेवलं.

"मामा!" अमृत उठून उभा राहिला. "ओरिजिनल मागं टाकताय तुम्ही! ते अस्सल आहे मामा. अ‍ॅटलींचं आहे."

"मागं जाडीला कायतरी लागतंच," कुशाबा म्हणाले. वर पुठ्ठा ठेवला आणि खिळ्यांच्या डब्यातल्या बारीक चुका ठोकायला घेतल्या. एकेक चूक ओठांत धरून, एकेक ठोका सावकाश.

अमृत टेबलाशी आला. "मामा, मी आणून दिलं की," असं एकदा म्हणाला. "आणून दिलं ना मी?" मग ग्लास टेबलाच्या कडेला ठेवून निघाला. कुशाबा बाहेरच्या माणसाला पोचवायला उठावं तसे दारापर्यंत गेले. "या," म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत. जाताना भाच्याला रिकाम्या हातानं कधी न पाठवणारा माणूस रिकाम्या हातांनी उभा होता.

तो पिकअपच्या गर्दीत दिसेनासा झाल्यावर ते आत आले. फ्रेम सुलटी केली. काचेआड ठसा दिसत होता, हळदीची कड, मधली चीर, सगळं जसंच्या तसं. त्यांनी फडक्यानं काच पुसली आणि कोपऱ्यात, ठशाच्या बरोब्बर वर, करंगळी फिरवली.

"आता बरंय," ते म्हणाले. "आता काच हाय मधी. खरं का खोटं, बोटाला कळायचं नाय."

मग करंगळी उजेडाकडे धरून ते तिच्याकडे बघत राहिले.